पहिल्या तोड्याचं मेडल

माझ्या पोटावर चहाची बशी ठेवली होती.

मी चक्रासनात होते. हात मागे टेकलेले, पाय टेकलेले, पोट वर. मॅडमच्या बंगल्याचा दिवाणखाना. खाली गुळगुळीत फरशी. सोफ्यावर मॅडमच्या मैत्रिणी, शेलूबाजारचे एक कापडवाले आणि योग समितीतले एक काका. मी सातवीत होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "ही आमच्या सालदाराची मुलगी. हाडंच नाहीत हो हिला. दाखव गं." मी दाखवलं.

काका म्हणाले, "अरे वा, टीपॉयच झाला की." आणि हातातली बशी, भरल्या कपासकट, माझ्या पोटावर ठेवून दिली. सगळे हसले. एका बाईंनी त्या बशीत बिस्कीटही ठेवलं. कप गरम होता आणि माझा फ्रॉक पातळ होता. मी जराशी हलले. मॅडम म्हणाल्या, "हलायचं नाही. होल्ड. आणि स्माईल."

मी स्माईल केली.

उलट्या डोळ्यांनी मला दार दिसत होतं. दारात माय उभी होती, वांग्यांचं टोपलं घेऊन. ती कधीच उंबऱ्याच्या आत येत नसे. तिचे पाय वर आणि तोंड खाली, असं दिसत होतं. तिनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती.

चहा सांडला. पोटावर लाल चट्टा उठला. तो आठवडाभरात गेला. मायचं ते उलटं हसणं गेलं नाही. अजून डोळे मिटले की येतं.

सालदार म्हणजे सालभराचा गडी. पाडव्याला ठरतो, पुढच्या पाडव्याला सुटतो. माझा बाप माझ्या जन्माच्या आधीपासून त्या मालकांकडे सालदार होता. शेलूबाजारहून मंगरुळपीरकडे जाताना रस्त्याला लागून त्यांचं शेत. सोयाबीन, तूर, थोडी संत्र्याची झाडं, आणि विहिरीजवळ भाजीपाला. भाजीपाला मायच्या अंगावर. शेताच्या कडेला टिनाची खोली, ती आमची. म्हणजे साल चालू आहे तोवर आमची. रस्त्याच्या बाजूनं बंगला, तो त्यांचा. आमच्या जातीचं नाव त्या घरात कोणी घेत नसे. शिकलेलं घर होतं. "तुमचे लोक" म्हणायचे. मायचा चहाचा कप मागच्या कठड्यावर पालथा घातलेला असायचा, वेगळा.

मालकांची बायको नागपूरची. तिनं योगाचा कुठलासा कोर्स केला आणि बंगल्याच्या वरच्या मजल्यावर केंद्र काढलं. त्या दिवसापासून मालकीणबाई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, असं आम्हाला सांगण्यात आलं. शेलूबाजारच्या दुकानदारांच्या, मास्तरांच्या पोरी स्कूटीच्या मागे बसून यायच्या. गुंडाळलेली रंगीत मॅट काखेत. त्या वर जायच्या आणि मी खाली वांग्यांना पाणी देत त्यांच्या ओंकाराचा आवाज ऐकायचे.

मला मॅडमनी गच्चीवरून पाहिलं. सोयाबीन निघालं की कुटाराचा, म्हणजे भुशाचा, मोठा ढीग लागतो. आम्ही पोरं त्यावर उलट्या उड्या मारायचो. अंग खाजायचं, माय ओरडायची, तरी मारायचो. मी मागच्या मागे वाकून हात टेकले आणि तशीच चालत सुटले, खेकड्यासारखी. मला कोणी शिकवलं नव्हतं. वरून हाक आली, "ए, इकडे ये."

मॅडमनी माझी कंबर दाबून पाहिली. खांदे दाबले. गुडघा वाकवून सोडला. बैल घेताना बघतात तसं. पण हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की त्या घरातल्या कोणीतरी मला पहिल्यांदा हात लावला. हात मऊ होता आणि त्याला चंदनाच्या साबणाचा वास होता. मी त्या हातासाठी काय वाटेल ते करायला तयार झाले. खोटं कशाला बोलू? माझा जीव होता त्या बाईवर.

इतर पोरी मॅटवर बसायच्या. मला खताच्या पोत्याची घडी. "तुला सवय आहे," मॅडम म्हणाल्या. स्पर्धेला न्यायच्या तेव्हा चांगली मॅट द्यायच्या, आल्यावर परत घ्यायच्या. माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडून यम-नियम पाठ करून घेतले. अस्तेय म्हणजे दुसऱ्याचं घ्यायचं नाही. अपरिग्रह म्हणजे साठवायचं नाही. मी घडाघडा म्हणून दाखवायचे आणि पाहुणे खूश व्हायचे. मॅडम सांगायच्या, "योगात मी नसतो. योगात स्पर्धा नसते." आणि लगेच, "कारंज्याच्या त्या मुलीची कंबर पाहिलीस का? तिच्या पुढे जायचंय आपल्याला." या दोन गोष्टी एकाच तोंडातून निघतात, हे मला खूप दिवस दिसलंच नाही.

पहिलं मेडल वाशिमला मिळालं. जिल्ह्यात पहिली. जीपमध्ये ते फ्रॉकच्या आत घालून घरी आणलं. थंडगार लागत होतं छातीला. बापानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, शर्टाला पुसलं. मग दगड घेतला, एक मोठा खिळा घेतला आणि खोलीच्या लाकडी बल्लीत ठोकला. टिनात खिळा धरत नाही. मेडल लटकवलं. वाऱ्यानं ते टिनावर आपटायचं आणि आवाज यायचा. आम्ही तिघंही बघत बसलो.

मग माय उठली आणि तिनं ते काढलं.

"कायले काढलं?" बाप म्हणाला.

"पयला तोडा हाये," माय म्हणाली. "पयला तोडा मालकाच्या घरी जाते. तुमाले नाई मालूम?"

हे समजावून सांगायला पाहिजे. वांगी असोत, भेंडी असो, चवळीच्या शेंगा असोत. झाडाला पहिल्यांदा जो माल निघतो, तो पहिला तोडा. तो टोपल्यात घालायचा, वर हळदकुंकू वाहायचं आणि मालकाच्या घरी न्यायचा. त्याच्या आधी एक शेंगही तोंडात घालायची नाही. लहानपणी मी एक चवळीची शेंग खाल्ली होती तर मायनं मला चांगलं बडवलं होतं. पहिला तोडा दिला की मागून भरभरून येतं, हे तिच्या आईनं तिला सांगितलेलं. तिला ते खोटं वाटायचं कारण नव्हतं.

मायनं अंघोळ केली. टोपल्यात मेथीची जुडी मोकळी करून पसरली, त्यावर मेडल ठेवलं, मेडलवर हळदकुंकू वाहिलं. मी तिच्या मागे मागे गेले. दारातून टोपलं पुढे करून माय म्हणाली, "पोरीचा पयला तोडा हाये."

मॅडमना ते समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. त्या क्षणी त्या म्हणू शकल्या असत्या, अहो, हे पोरीचं आहे, घरी न्या. तेवढं एक वाक्य. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मेडल उचललं, हळदकुंकू नॅपकिननं पुसून काढलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं. म्हणाल्या, "चांगलं केलंत. मुलांच्या डोक्यात हवा जायला नको. योगात अहंकार चालत नाही." मेथीही ठेवून घेतली.

माय खुशीत परत आली. बापानं खिळ्याला दुपट्टा अडकवला.

त्यानंतर मेडल आमच्या घरी आलंच नाही. पुढच्या वेळी मॅडमनी ते गाडीतच माझ्या गळ्यातून काढून घेतलं. मग तशीच रीत पडली. जिल्हा, अमरावती, पुन्हा जिल्हा. काचेचं कपाट भरत गेलं. खाली पितळी पाटी होती. पाटीवर केंद्राचं नाव आणि मॅडमचं नाव. पोरीचं नाव कशालाच नव्हतं. मी झाडू मारायला वर जायचे तेव्हा काचेत माझं तोंड दिसायचं आणि त्याच्या मागे मेडलं. मी काच पुसायचे.

स्पर्धेत तोंडाकडेही बघतात. आसन कितीही कठीण असो, चेहऱ्यावर ताण दिसला की गुण जातात. म्हणून मॅडम माझ्या पाठीवर हातानं जोर द्यायच्या आणि समोर आरसा ठेवायच्या. दुखलं की हस. जास्त दुखलं की जास्त हस. महिनोन्महिने. ते अंगात असं मुरलं की एकदा शेलूबाजारला जीपच्या दारात माझं बोट चेंगरलं, नख निघून आलं, आणि मी हसत उभी. जीपवाला मायला म्हणाला, "पोरगी येडी हाये का तुमची?"

येडी नव्हते. राज्याच्या स्पर्धेला जायचं होतं. मलाही जायचं होतं, हे सांगितलंच पाहिजे. मला ते पाहिजे होतं. वर चढून उभं राहायचं, नाव पुकारतात ते ऐकायचं. त्या एका मिनिटात मी सालदाराची नसायचे. माइकवर माझं पूर्ण नाव यायचं, बापाच्या नावासकट. त्या नावासाठी मी मोडून घ्यायला तयार होते, आणि मोडून घेतलं.

मी अकरावीत होते. आसन असं की हनुवटी आणि छाती जमिनीवर, पाय मागून उचलून डोक्यावरून पुढे आणायचे आणि तळवे कानाजवळ टेकवायचे. माझे टेकत नव्हते. थोडंसं अंतर राहायचं. मॅडम म्हणाल्या, "अजून थोडं." मी दिलं. "अजून थोडं." माझ्याकडे आणखी नव्हतं. मग त्या माझ्या कमरेवर बसल्या. आपला सगळा भार घेऊन.

तुरीची वाळलेली काडी, तुऱ्हाटी, चुलीत घालायच्या आधी गुडघ्यावर मोडतात. तसा आवाज आला. माझ्या आतून.

पाय टेकले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. रंगीत मॅटवरच्या पोरींनीही वाजवल्या. कमरेपासून टाचेपर्यंत काहीतरी गरम वाहत गेलं आणि मी आरशात पाहिलं. मी हसत होते.

तशीच राज्याला गेले. तसंच आसन लावलं. मेडल मिळालं. मॅडम कॅमेऱ्यासमोर रडल्या. म्हणाल्या, "माझं स्वप्न होतं." येताना मला गाडीत बसता येईना. मी मागच्या सीटच्या खाली, पायाजवळ आडवी पडून आले. वर सीटवर मॅडमची पर्स होती आणि पर्समध्ये मेडल. ते मेडल मी नीट पाहिलंही नाही.

मायनं मला वाशिमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. म्हणाले, मागे वाकणं आता कायमचं बंद. पुन्हा केलं तर पाय जाईल. मग माझ्याकडे बघून चिडले, "हसतेस कशाला? मी काय सांगतोय ते कळतंय का?"

माय म्हणाली, "तिले सवय हाये, साहेब."

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "डॉक्टरांना योग कळत नाही. दुखणं शरीराचं नसतं, मनाचं असतं. मन घट्ट कर. पाडव्याला नव्या हॉलचं उद्घाटन आहे, त्याच्या आधी बरी हो."

पाडवा. आमच्या मालकांकडे पाडव्याला एकेका गड्याला आत बोलवायचे. "यंदाबी राह्य," असं मालक म्हणाले की साल पक्कं. नाही बोलावलं तर समजून घ्यायचं. त्या दिवशी आधी उद्घाटन, मग गड्यांना बोलावणं. बाप सकाळीच धुतलेला शर्ट घालून बाहेर निंबाखाली बाकीच्या गड्यांत जाऊन बसला. घर, साल, मायचा भाजीपाला, सगळं त्या दिवसावर होतं आणि ते तिघांनाही माहीत होतं.

नव्या हॉलमध्ये काचेचं कपाट आणून ठेवलं होतं. खुर्च्या भरल्या होत्या. मॅडमच्या पदराला छोटा माइक लावलेला. पुढच्या रांगेत तेच समितीतले काका. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. शेजारच्याला म्हणाले, "ही हो, आमची टीपॉय. एवढीशी होती." त्यांना खरंच प्रेमानं आठवत होतं. तेच मला सहन झालं नाही.

मॅडम म्हणाल्या, "चक्रासनापासून सुरुवात करून आपली ही मुलगी आता राज्याचं आसन दाखवेल."

मी मागे वाकले. हात टेकले. पोट वर गेलं आणि कमरेत सुरी फिरली. उलटं दार दिसलं. दारात माय. पाय वर, तोंड खाली. पदर तोंडाला. मी नीट पाहिलं. या वेळी ती हसत नव्हती.

आणि माझे ओठ आपोआप फाकायला लागले. दुखत होतं ना, म्हणून. मी ओठांना सांगितलं नव्हतं. मला माझ्याच तोंडाचा असा राग आला, असा राग आला की तसा मॅडमचाही कधी आला नव्हता. हे तोंडही त्यांचंच झालं होतं. मी खाली आले. आसन मोडलं आणि मांडी घालून बसले.

मॅडम जवळ आल्या. "काय झालं? स्माईल."

मी म्हणाले, "दुखते."

पदराच्या माइकनं ते सगळ्या हॉलला ऐकवलं. माझा आवाज भिंतीवरून परत आला. मग मी पुन्हा म्हणाले, "दुखून राह्यलं, मॅडम. लय दिवसाचं दुखून राह्यलं."

मॅडमनी माइक मुठीत धरला. "नाटकं करू नकोस. उठ."

"नाई उठत."

काका पुढे झुकले. समजुतीच्या आवाजात म्हणाले, "अगं बेटा, लोक आलेत."

मी म्हणाले, "काका, मी टीपॉय नाई."

कोणीतरी हसलं आणि थांबलं. मी कपाटाकडे बोट केलं. "ते मेडलं माहे हायेत. मले पायजेत."

आता मॅडम हसल्या. ती स्माईल मला चांगली ओळखीची होती. पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "तिच्या आईनंच आणून दिलंय. आपल्या हातानं, हळदकुंकू वाहून. विचारा तिला."

सगळा हॉल दाराकडे वळला. माय आयुष्यात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली. एकच पाऊल. पदर तोंडावरून काढला. म्हणाली, "देल्लं होतं. मी भाजी समजून देल्लं होतं, मालकीनबाई. चुकलं माहं. भाजी नव्हती ते."

कोणी कपाट उघडलं नाही. मालक उठले, कपाटासमोर येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "घरी जा." पाहुण्यांमधून एकाही माणसाचा आवाज निघाला नाही. शिकलेली माणसं होती. मला सरळ चालता येत नव्हतं. माय मला धरून घेऊन गेली.

निंबाखालून एकेका गड्याला आत बोलावणं आलं. बाप बसून राहिला. सावली सरकली, अंगावर ऊन आलं, तरी बसून राहिला. मग उठला आणि खोलीवर आला. माझ्यासमोर बसला. रागानं नाही, खरंच विचारावं तसं त्यानं विचारलं, "थोडी हासली असती तं काय झालं असतं?"

आजही नळावर पाणी भरताना, दुकानात साड्यांच्या घड्या घालताना, मध्येच बापाचा तो आवाज येतो. काय झालं असतं? साल राहिलं असतं. वांगी राहिली असती. त्याला या वयात मंगरुळपीरच्या भाजीबाजारात पोती वाहावी लागली नसती. मी हे सगळं मोजते आणि तरी माझं "नाई" मागे घेत नाही. पण शांत झोप लागते, असं मात्र कोणी समजू नये.

खोली सोडताना टिनं मालकांची, बल्ल्या मालकांच्या. आमचं सामान एका बैलगाडीतही भरलं नाही. शेवटी बापानं सांडशी घेतली आणि तो खिळा बल्लीतून उपटला. वाकडा झाला होता. दगडावर ठेवून, फिरवून फिरवून, ठोकून सरळ केला. मग खिशात टाकला.

आता मी शेलूबाजारला कापडाच्या दुकानात आहे. खालच्या कप्प्यातला माल मला काढता येत नाही, दुसरी पोरगी काढते. थंडीत डावा पाय बधिर होतो. पहाटे अर्धवट झोपेत "अजून थोडं" असं कानाशी येतं आणि माझी पाठ आपोआप कमान करायला लागते. माय उठून माझ्या पोटावर हात ठेवते आणि मला खाली दाबते. पाणी तापवायला तिला तुऱ्हाटी मोडावी लागते. ती घराच्या मागे, दूर जाऊन मोडते. मला ऐकू येऊ नये म्हणून. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं.

बशीच्या दिवसाचं मी तिला इतकी वर्षं विचारलं नव्हतं. परवा विचारलं. ती बाजारासाठी सांभाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती.

"माय, तवा तू काहून हासली?"

तिनं हातातली जुडी बांधून टोपल्यात ठेवली. तिला कोणता तवा, हे विचारावं लागलं नाही.

"तू हासून राह्यली होती," ती म्हणाली. "मले वाटलं, पोरीले मजा येऊन राह्यली. म्हून म्या बी हासली."

मी उठून बाहेर गेले. मी तिचं हसणं बघत हसत राहिले आणि ती माझं हसणं बघत हसत राहिली. आमच्या दोघींच्या मध्ये ती बशी होती. ज्यांनी ठेवली त्यांना ती आठवतही नसेल, किंवा आठवत असेल तर प्रेमानं.

हे परवाच विचारायचं कारण सांगते. दुकानात एक गिऱ्हाईक बाई मोबाईल बघत होती. मला म्हणाली, "पाह्य वं, कशी वाकते ही पोट्टी. रबरच हाये." मी पाहिलं. तो नवा हॉल. मागे काचेचं कपाट, त्यात माझी मेडलं, ओळखू येत होती. समोर एक पोरगी, सातवी-आठवीतली. छाती जमिनीवर, पाय डोक्यावरून पुढे. तळवे टेकायला थोडंसं अंतर. कोण पोरगी, ते बाईनंच सांगितलं. आमच्या मागून जो सालदार आला, त्याची. येत्या रविवारी ती वाशिमला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरणार आहे. तिची पहिली स्पर्धा. मोबाईलमधून आवाज आला, "अजून थोडं." पोरीचा वरचा ओठ थरथरत होता आणि ती हसत होती.

ती आमच्याच टिनाच्या खोलीत राहते. त्याच बल्लीखाली झोपते.

तिची माय भाजीपाला बघत असणार. पहिला तोडा टोपल्यात घालत असणार. पोरगी मेडल घेऊन आली तर ती काय करेल, हे मला सांगायला कोणी नको.

रविवारी संध्याकाळी मी तिथे जाणार आहे. माय म्हणाली, "मीबी येतो. त्या माउलीले मी माह्या तोंडानं सांगतो." बापाला आम्ही काही विचारलं नाही. त्यानं आपणहून पेटीच्या तळातून खिळा काढला आणि माझ्या हातात ठेवला. सोबत हातोडीही दिली.

बंगल्याच्या फाटकातून जायचं नाही, धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, खोलीवर जायचं. मालक आले तर येऊ देत. हाकलतील, शिव्या देतील, गडी अंगावर घालतील. बघू. मी त्या पोरीला एवढंच सांगणार आहे की दुखलं की दुखते म्हणायचं, माइक असला तर माइकवर म्हणायचं. आणि मेडल मिळालं तर ते या घरातून बाहेर जाऊ द्यायचं नाही. मग बल्लीतल्या त्या जुन्या भोकाशेजारी मी खिळा ठोकणार आहे. मॅडमनी विचारलं की हा कोणी ठोकला, तर तिनं माझं नाव सांगायचं. पूर्ण नाव. बापाच्या नावासकट.